त्रुल्लींच्या गावाहून आप्पांना

अल्बेरोबेल्लो, इटली
मंगळवार

ती. आप्पांस सा. न.

काल इथे सुखरूप पोचले. दक्षिण इटलीच्या या पुल्या प्रांतात जिकडेतिकडे चुनखडीचा दगड. त्याचीच ही शंकूसारख्या छपरांची घरं, त्रुल्ली; एकटं घर असेल तर त्रुल्लो. आपल्या परसातल्या गडग्यासारखी, चुना न घालता रचलेली. भिंतीला दोन पदर, मध्ये बारीक दगडांची भर. छपरावरच्या चिपा बाहेरच्या अंगाला किंचित उतरत्या, त्यामुळे पाऊस आत न मुरता ओघळतो आणि घराखालच्या टाक्यात साठतो.

राजाचा कर टाळायला, घरं चटकन उतरवता यावीत म्हणून इथल्या सरदारानं चुन्याला मनाई केली होती, असं सांगतात. १७९७ साली गाव सरदारांच्या अमलातून सुटलं. त्याच वर्षी उभं राहिलेलं चुन्यातलं पहिलं घर आज पाहिलं.

शुक्रवार

आप्पा, आज गावाबाहेर एका त्रुल्लोत गेले. तिथे पाहुण्यांसाठी राहायची सोय होते आहे. मागे कुणी भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला होता. दगडातली ओल कोंडली आणि बुरशी धरली. आता तो सगळा खरवडून चुन्याचा गिलावा चालला आहे, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट मिळेल.

न्हाणीघर शेजारच्या जुन्या गोठ्यात घेतलंय. पाण्याचे नळ नेण्यासाठी फरशीच्या लाद्या नंबर घालून उचलल्या. त्याच पुन्हा जागेवर बसणार. पलंग भिंतीतल्या खोल कोनाड्यात. उजेड कमी पडतो, तरी खिडकी वाढवायची नाही, कारण छपराचा सगळा भार त्या भिंतीवर. गवंडी आधी घर हातानं चाचपतात, मग सोय कुठे बसेल ते ठरवतात. मला हेच पटलं.

गावातल्या त्रुल्ली १९९६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, आणि सुक्या दगडांच्या रचनेची कलाही २०१८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. पण रिओने मोंती भागात दारोदार दुकानं आणि पाहुण्यांच्या खोल्याच दिसल्या. पलीकडच्या आया पिक्कोलात अजून दोरीवर कपडे वाळतात, संध्याकाळी स्वयंपाकाचे वास येतात. तिथे फिरताना बरं वाटलं. दगड राखले आणि माणसं उठून गेली, तर निम्मंच घर वाचलं म्हणायचं.

म्हणून एक मागते. आपल्या घरी पाहुण्यांची सोय करताना जांभ्याच्या भिंतींना सिमेंट लावायला होकार देऊ नका. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आपण शोधू. पाहुण्यांना पडवीकडच्या दोन खोल्या देऊ, न्हाणीघर गोठ्याच्या जागी काढू. माजघर मात्र आपलंच राहू दे. त्या घरात तुम्ही आणि आई राहता आहात, हे पाहायलाच पाहुण्यांनी यावं असं मला वाटतं. दिवाळीला आले की आराखडा घेऊन बसू.

तुमची,
धाकटी