उलटा वारा

अमरावतीहून अकोल्याला जायला शहाण्या माणसाला दोन-अडीच तास पुरतात. एसटी आहे, आगगाडी आहे. मला पाच तास लागतात; कारण मी सायकलने जातो. हे मी चारचौघांत सांगितले की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आधी कौतुक उमटते आणि त्यामागोमाग काळजी. ही काळजी माझ्या पायांविषयी नसून डोक्याविषयी असते, हे आता मला सवयीने कळते.

हा छंद मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जडला. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून मला घाबरवले, आणि घाबरलेला अमरावतीकर जिथे जातो तिथे मी गेलो : हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली ही संस्था. १९३६ मध्ये तिच्या मंडळींनी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते. अशा ठिकाणी सुटलेले पोट घेऊन उभे राहायला मला संकोच वाटला; पण पोट पाण्याखाली झाकले जाते, म्हणून पोहणे पत्करले. तिथेच एका तरुणाने मला ट्रायथलॉनची दीक्षा दिली. आधी पोहायचे, ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि उतरल्याबरोबर धावत सुटायचे! २००० साली ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला, तेव्हापासून तिथली मापे आहेत दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. याचा थोरला भाऊ म्हणजे आयर्नमॅन. त्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहणे, एकशे ऐंशी सायकल आणि वर बेचाळीस धावणे. त्याचा जन्म हवाई बेटांतला. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण, असा तिथे वाद पडला. आपल्याकडच्या पानठेल्यावर पडला असता तर दुसऱ्या पानाबरोबर मिटलाही असता. पण त्या मंडळींनी तिन्ही शर्यती एकापुढे एक जोडल्या. १९७८ च्या फेब्रुवारीत पंधराजण निघाले, बाराजण पोचले.

मी धाकट्या भावाशीच सलगी केली. पहिल्या शर्यतीत शेवटून तिसरा आलो आणि घरी पेढे आणले.

सायकलच्या सरावाला लांब रस्ता हवा होता. अकोल्याला जुन्या शहरात बाबा माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. म्हणून महिन्यातल्या दोन रविवारी पहाटे निघून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत त्यांच्याकडे जाऊ लागलो. या रस्त्याचीही एक कथा आहे. वर्षानुवर्षे त्याची इतकी दुर्दशा होती की त्यावर सायकल नेणे म्हणजे हाडांची मोजदाद करून घेणे. मग २०२२ च्या जूनमध्ये, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनेसच्या बुकात त्याची नोंद झाली. वऱ्हाडातला जून आणि उकळते डांबर! त्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यावरून जाताना मला माझ्या पदकाची थोडी लाजच वाटते.

पूर्वी मी एसटीने जात असे, तेव्हा बाबांशी बोलायला विषय नसायचा. प्रकृती विचारायची, चहा घ्यायचा, घड्याळ पाहायचे. सायकलने गेलो की ओसरीवरूनच प्रश्न येई, "वारा कोन्ता होता बे?" पावसाळ्यात पश्चिमेचा वारा, म्हणजे अकोल्याला जाताना तो तोंडावरच. मग तो कुठे लागला, मूर्तिजापूरनंतर किती वाढला, सोयाबीन कुठवर पिवळे पडले, यात तास निघून जाई.

एकदा मी त्यांना आयर्नमॅन समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "इतकं पोहून, सायकल चालवून, पयून, शेवटी पानी कोनाच्या डोक्शावर घालतेत हे लोकं?"

अकोल्याबाहेरच्या वाचकाला हा प्रश्न कळायचा नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. वाट अठरा किलोमीटरच्या आसपास, तीही अनवाणी. शेवटच्या सोमवारी तर भरण्यांनी लदलेल्या मोठमोठ्या कावडी तरुणांचे जथेच्या जथे खांदे बदलीत आणतात. बाबांनी वीसेक वर्षे खांदा दिला. दर श्रावणात ते मला विचारीत, "या साली येतं काय?" आणि दर श्रावणात माझी परीक्षा असे, पुढे ऑफिसचे काम असे. खरे सांगायचे तर मला त्या गर्दीची, गुलालाची लाज वाटत होती. मग त्यांनी विचारणे सोडून दिले.

त्या प्रश्नावर मी निरुत्तर झालो, आणि गेल्या श्रावणात पुतण्याबरोबर गांधीग्रामला गेलो. सायकल नाही, बूट नाहीत, मनगटावर घड्याळ नाही. मला वाटले, दहा किलोमीटर धावणाऱ्याला अठरा चालणे म्हणजे खेळ! पाचव्या किलोमीटरला गिट्टीने माझा सगळा सराव तळव्यातून काढून घेतला. खांद्यावर ओझे असले की माणसाला स्वतःच्या चालीने चालता येत नाही, पुढच्याच्या चालीने चालावे लागते. हेही मला कोणी शिकवले नव्हते. माझ्या निम्म्या वयाची पोरे "काका, सोडा आता" म्हणत होती. सोडावेसे शंभरदा वाटले. पण पुढे पुतण्याची पाठ होती.

सकाळी घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर बसून होते. त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला; मी ओढून घेऊ लागलो तर घट्ट धरला. फोड पाहिले, भावजयीला हळद आणि खोबरेल आणायला सांगितले.

"डांबरावरून चालला काय बे? कडच्या मातीतून चालाव लागते. तुले कोनी सांगतलं नाही?"

सांगणारे ते एकटेच होते. मी खाली मान घालून बसलो, आणि ते हळद लावीत राहिले.

पंधरा दिवस सायकल भिंतीला होती. त्यानंतरच्या रविवारी निघालो तेव्हा वारा समोरचाच होता, आणि मूर्तिजापूरनंतर तो भलताच वाढला.