बावनथडी, चांदपूर आणि डोंगा

कोकणातल्या खाडीत जाळं टाकणाऱ्याला तिथी पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडे चंद्राला कोणी विचारत नाही. इथलं उधाण धरणाच्या दारातून येतं, आणि त्याचं पंचांग छापत नाहीत.

•

2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात पावसाने कहर केला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. खाली गोसीखुर्द धरणाला 33 दारं, वर संजय सरोवर, बाजूला बावनथडी नदीवर सितेकसाचं धरण. आपल्या डोक्यावर कडक ऊन असलं तरी वर काय चाललंय ते कळल्याशिवाय डोंगा, म्हणजे आमची छोटी होडी, नदीत लोटू नये. पाणी सोडल्याची दवंडी गावात येते. रात्री जाळं राखत बेटावर झोपलेल्याला ती ऐकू जात नाही. त्याला फोन करायचं काम घरच्यांनीच अंगावर घ्यावं.

•

चांदपूरचा तलाव त्या मानाने गरीब. सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेतून बावनथडीचं पाणी त्यात येतं. पण पंप सुरू असताना उपशाच्या तोंडाशी पोहायला किंवा जाळं लावायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

•

डोंगा उलटण्याआधी माणूस अडकतो. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठाने बेशरम वनस्पती माजलेली असते. पाणी चढलं की तिच्या काड्या खाली लपतात. नायलॉनचं जाळं त्यात गुंतलं की माणूस एका अंगाला वाकून ओढतो, आणि डोंगा त्याच अंगाला कलतो. जाणता ढिवर, म्हणजे इथला मच्छीमार, ओढत बसत नाही. तो आधी डोंग्यात खाली बसतो, कमरेचा विळा काढतो आणि जाळ्याचा तेवढा तुकडा कापून टाकतो. जाळ्यासाठी जीव तुटतो हो, पैसे लागलेले असतात. तरीही कापतो.

•

रेतीघाट. उन्हाळ्यात जिथे गुडघाभर पाण्यातून म्हैस गेली, तिथेच पुढच्या वर्षी पुरुषभर खड्डा. डोहाची जागा आजोबांनी सांगितलेली असते. पोकलेनने खणलेल्या खड्ड्याची कोण सांगणार? डोंगा ढकलत चालायचं तर बांबू पुढे टेकवत चालावं.

•

सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजला वर्धा नदीत नाव बुडाली, अकरा जण गेले. मे 2024 मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटली, सहा गेले. ही समुद्राची नव्हे, घरच्या पाण्याची गोष्ट. नावेत किती जण बसवायचे हे नावाड्याने ठरवावं. पण पाहुण्यांना ‘उतरा’ म्हणणं आपल्याकडे फार जड जातं.

•

मृगाची वीज. मोकळ्या पाण्यात डोंग्यातला उभा माणूसच सगळ्यात उंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मोबाइलमध्ये असावं, आणि पहिला गडगडाट झाला की काठ गाठावा, जाळं भरलेलं असो की रिकामं.

•

मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत बीज, जाळी, तलावाचा ठेका यावर तासन् तास बोलणं होतं. लाइफ जॅकेटचा विषय काढला की लोक हसतात: पोहता येत नाही तो ढिवर कसला! पण डोक्याला डोंग्याची कड लागल्यावर, किंवा पाय जाळ्यात अडकल्यावर, पोहणं कोणाला येतं? जॅकेट जाड असतं, उकडतं, जाळं ओढताना आडवं येतं, हे खरंच आहे. तेव्हा निदान दोन रिकामे, बूच घट्ट लावलेले प्लास्टिकचे कॅन दोरीने डोंग्याला बांधून ठेवावेत. खर्च काही नाही, आणि हसणारेही कमी.