फो आणि फेस

परदेशातल्या मुलाकडे गेल्यावर बापाने दोन गोष्टी करू नयेत. एक म्हणजे, त्याच्या गाडीत शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबू नये. आणि दुसरी, "बाबा, आज तुम्ही म्हणाल तिथे जेवायला जाऊ," या वाक्यावर विश्वास ठेवू नये. मी दोन्ही केल्या. पहिलीमुळे पोटरीत गोळे आले. दुसरीची हकीकत सांगतो.

"मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं नाही," मी बजावलं. "आणि वाढप्याने येऊन स्वतःचं नाव सांगता कामा नये. मला जेवण हवंय, ओळख नको."

"ठरलं तर मग, व्हिएतनामी!" चिरंजीव म्हणाले. म्हणजे मी काय म्हणेन ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

चिरंजीव कॅलिफोर्नियात, सॅन होजेला राहतात. 'दोन वर्षांसाठी जातो' असं सांगून गेले, त्याला आता अकरा वर्षं झाली. व्हिएतनामबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही शहरात नसतील इतके व्हिएतनामी लोक या एका गावात आहेत. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं, आणि पुढची कित्येक वर्षं माणसं विमानातून, होडीतून, मिळेल त्यातून बाहेर पडत राहिली. ती बातमी मला चांगली आठवते. मी कॉलेजात होतो. मोठ्याने वाचून दाखवली, तर आजी हातातली वात तशीच ठेवून म्हणाली, "अगंबाई! कुठलं रे सायगाव? आपल्या साताऱ्याकडचं का? पावसाने पडलं का?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो. त्या सायगावातल्या कुणाच्या हातचं आपण पुढे जेवणार आहोत, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाही हसलो असतो.

हॉटेल अगदी आपल्या मनासारखं निघालं. फॉरमायकाची टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, डब्यात खोचलेल्या काड्या आणि चमचे. दाराशी जमिनीवरच एक लाल देव्हारा, त्यात ढेरपोट्या, हसरा देव, पुढे संत्री आणि उदबत्ती. हिने चपला बाजूला सारून नमस्कार केला. गल्ल्याजवळ उदबत्ती लावलेल्या हॉटेलात पोट बिघडत नाही, असा हिचा जुना सिद्धान्त आहे. आमच्या डोंबिवलीत तो दोनदा खोटा ठरलाय. पण सिद्धान्त तसाच आहे.

जेवणाच्या कार्डावर पदार्थांना नंबर होते, कैद्यांना असतात तसे. मी ऐटीत म्हटलं, "मला एक फो."

"फो नाही बाबा. फऽअ?"

"विचारतोयस का सांगतोयस?"

"तो उच्चारच तसा आहे. आवाज खाली नेऊन वर आणायचा."

मी तीन वेळा आवाज खाली नेला. वर काही येईना. शेवटी एकवीस नंबर म्हटलं. देवाने आकडे कशासाठी केले ते त्या दिवशी कळलं.

आता हिचा प्रश्न. मी बाहेर सगळं खातो, ही कुठेच खात नाही. 'शाकाहारी काय मिळेल' याचं इंग्रजी मी मनात जुळवत होतो, एवढ्यात गल्ल्यामागे परातीत मोडाचे मूग निवडत बसलेल्या एका आजीबाईंनी हिच्या टिकलीकडे, साडीकडे पाहिलं आणि विचारलं, "चाय?"

"नको हो," ही चक्क मराठीत, "आत्ताच घेऊन निघालो."

"चाय! चाय!" आजीबाई मान डोलावत म्हणाल्या.

"बघा, आग्रह सगळीकडे सारखाच. अर्धा कप घेऊन टाका. म्हातारं माणूस आहे, मोडवत नाही."

चिरंजीव हसून हसून टेबलावर आडवे. व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी! तिकडचे पुष्कळ बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला मांसमच्छी वर्ज्य करतात, तेव्हा जेवतात ते चाय. एरवी प्रत्येक पदार्थात ते लोक जे घालतात, ते बारकी मासळी मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणीसुद्धा त्यात नसतं. हे ऐकल्यावर हिला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. "म्हणजे एकादशीसारखंच की हो!" असं ती आजीबाईंना म्हणाली. त्यांनीही ते मान्य केलं. काय मान्य केलं ते त्यांनाच ठाऊक.

पुढची शंका टेबलावरच्या लाल बाटलीची. "यावर कोंबडा आहे," हिने बाटली दोन बोटांनी लांब सारली. आत मिरची, लसूण, साखर, मीठ आणि व्हिनेगर. डेव्हिड ट्रॅन नावाच्या निर्वासिताने १९८० साली लॉस एंजेलिसला येऊन ही चटणी विकायला सुरुवात केली. ज्या मालवाहू बोटीतून तो देश सोडून निघाला, तिचं नाव त्याने कंपनीला दिलं. आणि चिनी पंचांगाप्रमाणे त्याचा जन्म कोंबड्याच्या वर्षातला, म्हणून कोंबडा. "मग ठीक आहे. रास आहे ती त्याची," असं म्हणून हिने बाटली परत ओढली.

आणि मग बिअर.

बारा नळ भिंतीतून बाहेर आलेले, वर फळ्यावर खडूने बारा नावं. आजीबाईंचा नातू नळावर होता. ही म्हणे क्राफ्ट बिअर. मोठ्या कारखान्यातली नव्हे, छोट्या भट्टीत थोडी थोडी केलेली. कार्टर अध्यक्ष असताना, १९७८ साली, घरच्या घरी बिअर करायला तिथे कायद्याने मुभा मिळाली. घरात बादल्यांतून प्रयोग करणाऱ्यांतल्या काहींनी पुढे दुकानं थाटली. आपल्याकडे पापड-लोणच्यांचं झालं तसंच.

"आई, एक सांगू? मी एक बिअर घेतोय. बाबा, तुम्हाला लिंबाचं सरबत सांगू ना?"

"हो हो, सरबतच," मी घाईघाईने म्हटलं.

"घ्या हो तुम्हीपण," ही नॅपकिनची घडी घालत म्हणाली. "इथे काही परतताना बडीशेप खायला नको."

तीस वर्षं दर महिन्याच्या पगाराच्या शनिवारी मी मित्राकडे ब्रिज खेळायला जात असे. घरी येताना मूठभर बडीशेप खाऊन येत असे. तीस वर्षं! माझा चेहरा बघून चिरंजीव म्हणाले, "बाबा, मलासुद्धा सातवीपासून माहीत होतं." ज्या घरात आपण गुपित सांभाळतो, त्या घरातले सगळे मिळून आपल्याला सांभाळत असतात. मी मुकाट्याने फळ्यावरच्या 'इंडिया' या अक्षरांकडे बोट दाखवलं.

तिचं नाव इंडिया पेल एल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी जहाजाने जी बिअर यायची, तिच्यात लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून 'हॉप' नावाची कडू फुलं जास्त घालत. साहेब गेला, जहाजं गेली, नाव आमचं राहिलं. पेल्याला आठ डॉलर. मी मनात रुपये केले आणि घोट घेतला. काडेचिराईत! मला पडसं झालं की आई हेच पाजायची, आणि वर गुळाचा खडा द्यायची. इथे वर भाजलेले शेंगदाणे आले. तिसऱ्या घोटाला मात्र ओळख पटली.

जेवण आलं आणि हिने वाडग्यावरची वाफ घेऊन डोळे मिटले. "गोडा मसाला!" खरंच; दालचिनी, लवंग, बदामफूल, तोच वास. त्यात कोकणातल्या शिरवाळ्यांसारख्या तांदळाच्या शेवया. सोबतच्या गुंडाळ्या तर वाळायच्या आत उचललेल्या सालपापड्याच, पोटात पालेभाजी भरलेल्या. आणि वेगळ्या बशीत कच्चे मोडाचे मूग, लिंबू, मिरची आणि तुळस. आपल्या तुळशीची बडीशेपेच्या वासाची बहीण. बडीशेप त्या दिवशी माझी पाठ सोडायला तयार नव्हती.

"बाबा, एक बोलायचं होतं," चिरंजीव पेल्याकडे बघत म्हणाले. "आम्ही घर बघितलंय."

"बघा की. बघायला पैसे पडत नाहीत."

"बघितलंय म्हणजे... घेतोय. आणि मला वाटतं, डोंबिवलीची जागा आता काढून टाकू या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुम्ही दोघं इकडेच या."

माझ्या हातात नेमकं तुळशीचं पान होतं. घरादारावर तुळशीपत्र ठेवणं हे मी जन्मभर ऐकत आलो. पण ते ठेवायची वेळ येईल तेव्हा हातात खरोखरच पान असेल असं वाटलं नव्हतं. डोंबिवलीच्या त्या जागेत याची अभ्यासाची खोली आहे. तिथल्या कपाटावर याची बॅट आहे. ती आम्ही दर दिवाळीला पुसतो आणि परत तिथेच ठेवतो. मी पान वाडग्यात टाकेना, खाली ठेवेना.

हिने काहीच उत्तर दिलं नाही. खुर्ची आजीबाईंच्या परातीजवळ ओढली आणि त्यांच्याबरोबर मूग निवडू लागली. मग नातवाला म्हणाली, "विचार रे त्यांना, परत कधी गेल्या होत्या का सायगावला?" हे इंग्रजीत मी सांगितलं, व्हिएतनामीत नातवाने.

आजीबाईंनी एक बोट वर केलं. एकदाच. १९९५ नंतर, दोन्ही देशांचे संबंध सुधारल्यावर. घर जागेवरच होतं, त्या म्हणाल्या; गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे वाळत होते. त्या समोरच्या बाजूला थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. एवढं सांगून त्या पुन्हा मुगाची शेपटं खुडू लागल्या.

"ऐकलंस?" ही चिरंजीवांना म्हणाली. "यांना सोडावं लागलं. आमचे कपडे अजून आम्हीच वाळत घालतो. राहू दे जागा. जिने आम्ही चढतो, तुझ्या गुडघ्याला काही त्रास आहे का?"

"पण आई..."

"आणि तुझं घर घे खुशाल. आम्ही येऊ. सहा महिने येऊ. पण पाहुणे म्हणून आलो की तू 'कुठे जेवायचं' म्हणून विचारतोस तरी. कायमचे आलो तर विचारशील का?"

चिरंजीवांचे कान लाल झाले. ते बिअरने झाले असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पेल्यातल्या फेसाकडे. बाप-लेकाने समोरासमोर बसून बिअर घेण्याचा हा एक फायदा आहे, बघायला काहीतरी असतं.

"तुम्ही काय ते पान धरून बसलाय मघापासून?" तिने ते माझ्या हातातून घेतलं, चुरून माझ्या वाडग्यात टाकलं, आणि जाता जाता माझ्या पेल्यातला एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "शी! एवढ्यासाठी तीस वर्षं ब्रिज खेळलात?"

निघताना आजीबाईंनी हिला त्या तुळशीच्या दोन काड्या कागदात गुंडाळून दिल्या. नातवाने मला भट्टीच्या चित्राचा एक पेला दिला, फुकट. इंडियाच्या माणसाने इंडिया प्यायली याचं त्याला फार कौतुक वाटलं असावं. घरी येऊन हिने त्याच पेल्यात पाणी घालून काड्या खिडकीत ठेवल्या. आठ-दहा दिवसांत खाली पांढरी मुळं फुटली. चिरंजीव रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी ती बघून जात. एक दिवस म्हणाले, "आई, नव्या घराच्या मागे अंगण आहे. वृंदावन बांधू या का?"

"आधी ताबा तर मिळू दे," ही म्हणाली. "आणि तो पेला बदल. शेजारीपाजारी काय म्हणतील!"