ताठलेला कणा आणि खुब्याची शस्त्रक्रिया

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना खुब्याच्या दुखण्याचे दोन प्रकारचे रुग्ण मी पाहत आलो आहे. पहिले वयोवृद्ध, त्यांचा सांधा झिजलेला असतो, किंवा पडल्यामुळे हाड मोडलेले असते. दुसरे तिशी-चाळिशीतले, त्यांना मणक्यांचा दाहक संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस झालेला असतो. या दुसऱ्यांना दवाखान्यात घेऊन येतात ते बहुधा त्यांचे वृद्ध आईवडील. उतारवयात ज्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्यालाच हात देऊन पायरी चढवण्याची वेळ त्यांच्यावर येते.

हा आजार सहसा तरुणपणी सुरू होतो. पहाटे कंबर आखडते, हालचाल केल्यावर सैल होते. पुढे काहींचे मणके एकमेकांना सांधले जाऊन कणा ताठ होतो. काहींचे खुबेही निकामी होतात. औषधांनी दाह आटोक्यात येतो, पण नष्ट झालेला सांधा परत येत नाही. अशा वेळी खुबा बदलण्याचा सल्ला मिळतो आणि घरचे विचारतात, “डॉक्टरसाहेब, ऑपरेशन पुढून चांगलं की मागून?”

प्रश्न रास्त आहे. मागच्या बाजूने गेल्यास सांधा नीट दिसतो. मात्र मांडी बाहेर वळवणारे लहान स्नायू कापून पुन्हा शिवावे लागतात. बाजूने गेल्यास नितंबाच्या स्नायूचा काही भाग सोडवावा लागतो, त्यामुळे काहींच्या चालण्यात लंगड राहते. पुढून गेल्यास स्नायूंच्या फटीतून वाट मिळते, पहिल्या काही आठवड्यांत चालणे थोडे लवकर सुधारते. पण काही महिन्यांनी हा फरक फारसा उरत नाही. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा येऊ शकतो. शिवाय खुबा वाकलेल्या स्थितीत आखडला असेल, तर ही वाट अवघड ठरते.

परंतु ताठ कण्याच्या रुग्णात खरा प्रश्न याहून खोल आहे. निरोगी माणूस उभ्याचा बसतो तेव्हा त्याचे कटिर किंचित मागे कलते, खुब्याची वाटी पुढे उघडते आणि मांडीला जागा मिळते. कणा जखडला की कटिरही त्याच्याबरोबर जखडते. सरळ जखडले असेल, तर बसताना हाड वाटीच्या पुढच्या कडेवर अडखळून गोळा मागे निसटू शकतो. पोक काढून जखडले असेल, तर उभे राहताना तो पुढे निसटण्याची भीती असते. म्हणून छेद कोठे घेतला यापेक्षा वाटी कोणत्या कोनात बसवली, हे अधिक मोलाचे. तो कोन ठरवण्यासाठी उभ्याने आणि बसून, दोन्ही स्थितींत बाजूने काढलेले एक्स-रे उपयोगी पडतात.

भुलीचाही विचार आधीच व्हायला हवा. मणके जुळल्याने पाठीतून सुई जाणे कठीण होते. मान ताठ असल्यास श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड जाते. भूलतज्ज्ञांची भेट त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, काही दिवस अगोदर घ्यावी. संधिवाताची इंजेक्शने केव्हा थांबवायची हे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. स्टेरॉइड चालू असेल तर ते परस्पर बंद करू नये.

पुण्याला निघालेल्या कुटुंबाला मी चार प्रश्न कागदावर लिहून देतो. असा ताठ कणा असलेल्यांची ऑपरेशने आपण किती केली? आपल्या हाताला कोणती वाट सरावाची आहे? वाटीचा कोन कसा ठरवणार? घरी गेल्यावर कोणत्या हालचाली टाळायच्या? ज्या शल्यविशारदाला एका वाटेचा दांडगा सराव आहे, त्याला घरच्यांनी ऐकीव माहितीवरून दुसरी वाट धरायला लावू नये.

घरात मात्र तयारी तुमचीच. उंच खुर्ची, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी आणि मोकळी, कोरडी फरशी. शल्यविशारदांनी परवानगी दिल्याशिवाय मांडी घालून किंवा उकिडवे बसू देऊ नका. पंगतीत एकाचे ताट टेबलावर वाढले, म्हणून जेवणाची गोडी कमी होत नाही.