खरबुजांच्या गावी उन्हाळा

फ्रान्स म्हटले की आपल्याला पॅरिस आठवते. पण खुद्द पॅरिसकर ऑगस्टमध्ये काय करतो? सामान बांधतो आणि जमल्यास दक्षिणेची वाट धरतो! तिकडे त्याला काय मिळते, हे पाहायचे तर प्रोव्हान्समधल्या कावायोंसारख्या लहानशा गावी जावे. द्युरान्स नदीकाठी, टेकडीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव म्हणजे खरबुजांचे माहेरघर.

सोमवारी येथे बाजार भरतो. खरबूज आधी हातावर तोलायचे. आकाराच्या मानाने ते जड हवे. मग देठ पाहायचा. त्याच्याभोवती बारीक चीर गेली असेल तर फळ पिकले. शेवटी नाकाशी धरायचे. हापूसच्या पेटीसमोर बसलेली आपली गृहिणी याहून वेगळे काय करते? या फळाचा लौकिकही मोठा. १८६४ साली गावाच्या ग्रंथालयाने अलेक्झांडर द्यूमाकडे पुस्तके मागितली. या खवय्या कादंबरीकाराने सगळीच देऊ केली. मोबदला मागितला तो दरसाल बारा खरबुजांचा! नगरपालिकेने तो आनंदाने मान्य केला.

बारा वाजले की दुकाने मिटतात आणि घरांच्या लाकडी झडपा बंद होतात. ऊन बाहेर, गारवा आत. जेवणात ‘सूप ओ पिस्तू’ असते: घेवड्याच्या शेंगा, काकडीसारखी दिसणारी कूर्जेत, टोमॅटो यांचे दाट सार, आणि वर लसूण व बाझिलिकची पाने ऑलिव्हच्या तेलात कुटून केलेले वाटण. हे बाझिलिक म्हणजे परके कोणी नव्हे. आपण फालुद्यात ज्याचे बी घालतो तो सब्जाच!

सुटीच्या दिवशी मंडळी फोंतेन-द-व्होक्ल्यूजला जातात. चौदाव्या शतकात कवी पेत्रार्क येथे राहत असे. उंच कड्याच्या तळाशी एक हिरवानिळा डोह आहे. त्यातूनच सोर्ग नदी उगम पावते. १९८५ साली एक यंत्र या डोहात ३०८ मीटर खोल उतरले, तेव्हा कुठे तळ लागला! भर उन्हाळ्यातही पाणी इतके गार की पाय घालताच अंगावर शहारा येतो.

संध्याकाळी झडपा उघडतात, चौकात पेतांकचे लोखंडी गोळे खणखणतात, आणि पाणी घालताच दुधाळ होणाऱ्या बडीशेपी पास्तीसचे पेले भरतात. असे वाटते, या लोकांना सुखाने राहण्याची कला उपजतच येते.

पण ही सुटी आभाळातून पडलेली नाही. १९३६ साली कायद्याने कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९५६ साली तीन, १९६९ साली चार आणि १९८२ साली पाच आठवडे झाले. समुद्र न पाहिलेल्या हजारो कुटुंबांनी तो या रजेमुळे प्रथम पाहिला.

या सुखाला एक काळी किनारही आहे. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्सभर उष्णतेची भयंकर लाट आली. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध, आणि कितीतरी एकटे राहणारे. मुले, शेजारी, डॉक्टर. पुष्कळजण सुटीवर गेलेले. त्यानंतर २००४ साली कायदा झाला. आता नगरपालिका एकट्या वृद्धांची यादी ठेवते. नाव नोंदवले की उष्णतेच्या दिवसांत त्यांची विचारपूस होते.

नोंदवही उपयोगाची खरीच. पण दुपारी बंद असलेली झडप शहाणपणाची असते. तीच संध्याकाळी उघडली नाही, तर ते प्रथम दिसते समोरच्या घराला. आपल्याकडेही मुले परगावी आणि आई-वडील मागे, अशी घरे आता कमी नाहीत. सुटीला निघताना दाराला कुलूप लावतो, तेव्हा समोरच्या आजोबांना एक हाक मारून जायला फारसा वेळ लागत नाही.