ताळा

गणिताचे उत्तर आले म्हणजे गणित संपले, असे पुष्कळ मुलांना वाटते. वस्तुतः थोडे काम उरलेले असते. भागाकार केला असेल तर उत्तराला भाजकाने गुणावे, बाकी मिळवावी आणि मूळची संख्या येते की नाही ते पाहावे. यालाच ताळा पाहणे म्हणतात. मी जन्मभर मराठी शिकविली. परंतु मुख्याध्यापक या नात्याने, एखादे शिक्षक रजेवर असले म्हणजे गणिताच्या तासालाही जावे लागे. त्या तासांत एक गोष्ट माझ्या ध्यानात येई. ताळा पाहावयास सांगितले की मुलांच्या कपाळाला आठ्या पडत. "गुरुजी, उत्तर बरोबरच आहे," असे ती म्हणत. आपल्यावर अविश्वास दाखविला जात आहे, असे त्यांना वाटे.

ताळा मागणे म्हणजे अपमान करणे नव्हे, हे ज्या हकिकतीवरून उत्तम प्रकारे पटते, ती आज तुम्हांला सांगावयाची आहे. ती कुर्ट व्यूट्रिख या रसायनशास्त्रज्ञाची आहे. त्यांचा जन्म १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. बालपण शेतावरच्या घरात, गुराढोरांच्या आणि झाडाझुडपांच्या सहवासात गेले. रसायन, भौतिक आणि गणित या विषयांबरोबर त्यांनी शारीरिक शिक्षणाचाही रीतसर अभ्यास केला. १९६९ साली ते झुरिक येथील ईटीएच या नामांकित संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांनी प्रथिनांच्या अभ्यासाला वाहून घेतले.

आपल्या शरीरातील असंख्य कामे प्रथिने करीत असतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणे, अन्न पचविणे, स्नायू हलविणे ही त्यांचीच कामे. प्रथिनाचा रेणू म्हणजे ॲमिनो अम्लांची एक लांब माळ होय. ही माळ बहुधा सरळ लोंबत नाही. ती वळते, दुमडते आणि तिला एक ठराविक घडी पडते. त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. किल्लीचे दाते बदलले तर ती कुलपात फिरत नाही. तसेच घडी बिघडली तर प्रथिन आपले काम करीनासे होते. म्हणून शास्त्रज्ञांना ही आकृती जाणून घ्यावीशी वाटते. परंतु हा रेणू इतका सूक्ष्म, की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो कधीच दिसावयाचा नाही.

क्ष-किरणांच्या साहाय्याने काही प्रथिनांच्या आकृती तोपर्यंत उलगडल्या होत्या. पण त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक बनवावे लागत. शरीरात बहुतेक प्रथिने खडीसाखरेच्या खड्यासारखी घट्ट बसलेली नसतात. ती पाण्यात वावरत असतात. तेव्हा पाण्यात विरघळलेल्या स्थितीतच प्रथिनाची आकृती काढता येईल काय, हा व्यूट्रिख यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी जी रीत हाती घेतली, तिचे नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. नाव भारदस्त आहे, पण कल्पना समजण्याजोगी आहे.

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एक चिमुकले लोहचुंबक असते. बलवान चुंबकाच्या सान्निध्यात ते डुलू लागते. फिरता भोवरा मंदावताना डुलतो ना, तसे. या डुलण्याची लय ठरलेली असते. नेमक्या त्याच लयीच्या रेडिओलहरी त्याच्यावर सोडल्या, तर ते त्या शोषून घेते आणि मागाहून स्वतःही एक क्षीण संकेत पाठविते. झोक्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तर तो उंच जातो. लय चुकली तर जोराचा धक्काही वाया जातो. लयीला लय मिळण्याच्या या प्रकारास अनुस्पंदन म्हणतात.

हा शोध १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी लावला. पुढे असे आढळले की, अणूच्या भोवतालची परिस्थिती बदलली की त्याच्या संकेताचा सूरही किंचित बदलतो. १९५१ साली साध्या अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखविणाऱ्या तिघा संशोधकांत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते. नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या विद्येचे काम सुरू केले. याच तत्त्वावर चालणारे एमआरआय यंत्र आज मोठ्या रुग्णालयांत असते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मीही एकदा त्या यंत्रात पडून आलो आहे. त्या वेळी माझ्या शरीरातील पाण्याच्या हायड्रोजननेच माझ्या गुडघ्याचे चित्र डॉक्टरांना दाखविले!

प्रथिनाच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. एका प्रथिनात हायड्रोजनचे शेकडो अणू असतात. ते सारे एकदम बोलू लागले म्हणजे शाळा सुटतानाचा गलबलाच! व्यूट्रिख यांच्याच संस्थेत रिचर्ड अर्न्स्ट हे थोर शास्त्रज्ञ होते. दोघांच्या सहकार्याने अशा पद्धती तयार झाल्या, की त्या गलबल्यातला एकेक आवाज ओळखू यावा आणि कोणाच्या शेजारी कोण बसला आहे, हेही कळावे. कारण दोन केंद्रे अगदी जवळ असली, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाइतक्या अंतराच्या आत असली, की एकाचा परिणाम दुसऱ्याच्या संकेतावर उमटतो. माळेतील दूरदूरचे दोन मणी घडीमुळे शेजारी आले असतील, तर तेही अशा रीतीने उघडकीस येते.

तीन बाजूंची लांबी दिली असता त्रिकोण काढता येतो, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. तेच येथे करावयाचे. शेकडो जोड्यांमधील अंतरे अदमासाने कळली की, ती सर्व एकाच वेळी सांभाळणारी माळेची घडी संगणकाच्या मदतीने शोधून काढता येते.

अशा रीतीने व्यूट्रिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहानशा प्रथिनाची संपूर्ण आकृती तयार केली आणि १९८४ च्या मे महिन्यात जर्मनीतील म्यूनिक येथे ती विद्वानांच्या सभेपुढे मांडली. पण श्रोत्यांचा विश्वास बसेना. त्या प्रथिनासारख्याच दुसऱ्या एका प्रथिनाची आकृती क्ष-किरणांनी आधीच ठाऊक झालेली होती. तेव्हा तीच समोर ठेवून ही नवी आकृती बेतली असावी, असा संशय व्यक्त झाला. पंधरा वर्षांच्या श्रमांचे फळ घेऊन उभा राहिलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटले असेल!

सभेत रॉबर्ट हूबर नावाचे शास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांच्या रीतीत ते निष्णात होते. त्यांनी एक तोडगा सुचविला. ज्याची आकृती अद्याप कोणालाच ठाऊक नाही असे एक नवे प्रथिन घ्यावे. हूबर यांनी ते क्ष-किरणांनी पाहावे, व्यूट्रिख यांनी आपल्या रीतीने पाहावे. आणि एकाने दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये. व्यूट्रिख यांनी हे मान्य केले.

त्यासाठी टेंडामिस्टॅट हे प्रथिन निवडण्यात आले. भाकरीचा घास बराच वेळ चावला तर गोड लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. लाळेतील एक द्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करीत असते, म्हणून तसे होते. टेंडामिस्टॅट हे अशा पाचक द्रव्याला अडवून धरणारे प्रथिन आहे. त्याच्या माळेत ७४ मणी आहेत. दोन्ही प्रयोगशाळांत काम सुरू झाले. १९८६ साली दोघांचेही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक आकृती स्फटिकावरून काढलेली, दुसरी द्रावणावरून. आणि दोन्ही जवळजवळ एकच! ताळा जुळला होता.

ही हकिकत वाचताना मला आमच्या शाळेतील एक विद्यार्थी आठवला. परगावाहून तीन मैल चालत येणारा तो अबोल मुलगा. एकदा त्याने पावसावर इतका सुंदर निबंध लिहून आणला की, तो कोठून तरी उतरवून घेतला असावा, असे एका सहकाऱ्यांना वाटले. मुलाचे डोळे भरून आले. मी त्याला माझ्या खोलीत बसविले, 'आमची विहीर' हा नवा विषय दिला आणि म्हणालो, "बाळ, रडू नकोस. लिही." तासाभराने त्याने दोन पाने लिहून माझ्यापुढे ठेवली. ती वाचल्यावर ते सहकारी स्वतः उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला. नुसता "माझ्यावर विश्वास ठेवा" असा आग्रह धरून त्याला हा मान मिळाला नसता.

येथे एक गोष्ट विसरू नका. म्यूनिकहून परतताना ताळा जुळेलच, अशी हमी व्यूट्रिख यांना कोणी दिली नव्हती. आकृती जुळल्या नसत्या, तर त्यांची रीतच सदोष ठरली असती. तरीही त्यांनी कसोटी टाळली नाही. हूबर यांचाही मोठेपणा काही कमी नव्हे. त्यांनी संशय मनात ठेवून कुजबूज केली नाही. संशय दूर होण्याचा मार्ग दाखविला आणि त्या मार्गाने चालण्याचे श्रम स्वतःही उचलले. पुढे हूबर १९८८ साली आणि व्यूट्रिख २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

व्यूट्रिख यांनी उभारलेल्या या रीतीने आजवर हजारो प्रथिनांच्या आकृती उलगडल्या आहेत. मुलांनो, उद्या तुमच्या एखाद्या उत्तरापाशी थांबून कोणी "कशावरून?" असे विचारील. तेव्हा रागावू नका. पाटी पुसा, दुसऱ्या रीतीने तेच उत्तर काढा आणि विचारणाऱ्यालाही शेजारी बसवून घ्या.