तिसरी पिन

२००८ साली निवृत्त झाले आणि हौसेनं घरी संगणक आणला. आमचं घर जुनं, वायरिंग दोनच तारांचं. सॉकेटला भोकं तीन, पण वरच्या भोकामागे काहीच जोडलेलं नव्हतं. हे तेव्हा कुणाला ठाऊक!

दुसऱ्याच दिवशी नातू म्हणाला, "आजी, डबा चावतो." मी अनवाणीच फरशीवर उभी राहून हात लावला. बोटांना झिणझिण्या आल्या. वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेटमध्येच तारेचा तुकडा घालून न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडली. दोन मिनिटांत काम, झिणझिण्या बंद! मी त्याला वर चहाही पाजला.

महिन्याभरानं एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेला. मी कौतुकानं ही हकीकत सांगितली. त्यानं मेन स्विच बंद करून सॉकेट उघडलं आणि गप्पच झाला. मग म्हणाला, "बाई, पाचवीत गणिताच्या वहीत तुम्ही लाल शाईनं काय लिहायचात? उत्तर बरोबर, रीत चूक. हे तसंच आहे."

त्यानं समजावलं. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून थोडीशी वीज पत्र्याच्या डब्यावर येतेच. ती अर्थच्या तारेनं जमिनीत जायला हवी. न्यूट्रलला जोडल्यानं झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण न्यूट्रलची तार मागे कुठे तुटली तर अख्ख्या डब्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. माझ्या पोटात गोळाच आला. महिनाभर नातू त्याच डब्याला पाय टेकवून खेळत होता!

पुढच्या रविवारी त्यानं अंगणात खड्डा खणला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. तिथून थेट सॉकेटपर्यंत वेगळी तार आणली. मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. पैसे घेताना मात्र खूप आढेवेढे घेतले.

उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना एक तांब्या त्या खड्ड्यातही ओतते. माती ओली राहिली तरच अर्थिंग नीट काम करतं.

तुमच्याकडेही प्लगची जाड, लांब पिन पाहा. ती लांब असते ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. तिच्यामागे खरंच जमीन आहे ना, हे जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. चटका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. मी झाले होते.